नमुना कुणाच्या नळाचा?

पाण्याची तपासणी या देशाला नवी नाही. हजारो वर्षं चालू आहे. फक्त तिच्यात पाणी कधी तपासलं गेलं नाही, पिणारा तपासला गेला. कुणाचा हात लागला, कुणाची सावली पडली, कुणाचं मडकं बुडालं, एवढ्यावर निकाल. बाटली नको, भिंग नको. भटजीचं तोंड हीच प्रयोगशाळा.

20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळ भरली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात 1923 सालीच पास झाला होता. महाडच्या नगरपालिकेनंही 1924 मध्ये तळं खुलं केल्याचं कागदावर लिहिलं होतं. कागद ओला झाला तो 1927 ला. मग सनातन्यांनी काय केलं? तळं बाटलं म्हणून शुद्धीकरण मांडलं. 108 घागरी पाणी उपसलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं, मंत्र पुटपुटले आणि ते सगळं परत तळ्यात ओतलं. झालं तळं शुद्ध!

आता भारतीय मानक ब्युरोचं पिण्याच्या पाण्याचं मानक काढा. आयएस 10500, 2012 ची आवृत्ती. त्यात लिहिलंय की 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू सापडता कामा नये. एकसुद्धा नाही. हा जंतू राहतो कुठं? माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यात. बाहेर पडतो विष्ठेतून, शेणातून. म्हणजे त्या दिवशी महाडात कुणी पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत नेली असती, तर नापास झालं असतं ते त्यांचं शुद्धीकरण!

म्हणून मी म्हणतो, ही तपासणी आपल्या बाजूची आहे. काचेच्या नळीला गोत्र कळत नाही. जंतू असला तर असतो, नसला तर नसतो. पण दोस्तहो, नळी जात विचारत नसली तरी नळी धरणारा हात शहरातल्या व्यवस्थेचा असतो. नमुना कुठून घ्यायचा, किती वाजता घ्यायचा, निकाल कुणाला दाखवायचा हे तो हात ठरवतो. 1927 ला पिणाऱ्याला अडवत होते. आज नमुना अडवतात.

कसं ते सांगतो.

मुंबई घ्या. पाणी येतं शंभर-सव्वाशे किलोमीटरवरून. भातसा, तानसा, वैतरणा. भांडुपच्या केंद्रात त्यात तुरटी पडते, गाळ बसतो, वाळूतून गाळलं जातं, क्लोरीन मिसळतं. तिथून निघताना पाणी चांगलं असतं. मी ते नाकारत नाही. तिथल्या कामगारांनी केलेलं ते काम आहे. पुढं ते मोठ्या नळातून डोंगरावरच्या टाक्यांत जातं. तिथून चावीवाला चावी फिरवील तेव्हा आणि तेवढा वेळ वस्तीत येतं. उरलेला वेळ नळ रिकामा.

सगळी गोम या रिकाम्या नळात आहे. नळ भरलेला असतो तेव्हा पाण्याचा जोर आतून बाहेर असतो. भोक असलं तर पाणी बाहेर गळतं, घाण आत शिरत नाही. पाणी बंद झालं की जोर संपतो. कधी कधी नळ उलटा ओढायला लागतो. आणि वस्तीतला नळ जातो कुठून? गटारातून. अर्ध्या इंची लोखंडी नळ्यांचे जुडगे गटारातून झोपडीपर्यंत ओढलेले तुम्ही रोज ओलांडता. ते गंजतात, सांध्यात फटी पडतात. पाणी गेलं की गटार आत. पाणी आलं की तेच गटार पहिल्यांदा आपल्या हंड्यात. जोर कमी म्हणून लोक मोटर लावतात, मोटर आणखी ओढते. म्हणून वस्तीतली प्रत्येक बाई पहिल्या पाण्याला नाक लावते आणि ते भांड्याला, फरशीला काढते. तिला कुणी पाणीशास्त्र शिकवलं नाही. तिला वास कळतो.

कर्नाटकात हुबळी-धारवाडला या गोष्टीचा नीट अभ्यास झाला. तो 2013 साली छापून आला. एकाच शहरात काही भागाला चोवीस तास पाणी, बाकीच्यांना अधूनमधून. चोवीस तासवाल्यांच्या नळाच्या नमुन्यांत ई. कोलाय सापडला शंभरात एकापेक्षाही कमी ठिकाणी. अधूनमधूनवाल्यांच्या नळात जवळजवळ दर तिसऱ्या नमुन्यात. दोघांनाही शुद्ध केलेलंच पाणी सोडलं जात होतं. मोठा फरक होता तो नळ भरलेला राहतो की रिकामा पडतो याचा. तेव्हा ‘झोपडपट्टीवाले घाण राहतात म्हणून आजारी पडतात’ असं म्हणणाऱ्याच्या तोंडावर हा अभ्यास मारा.

आता नमुन्याची युक्ती बघा. नळातून जंतूंसाठी नमुना घ्यायची सर्वमान्य पद्धत अशी की आधी नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचा, तोटी ज्योतीनं भाजायची, मग बाटली भरायची. कारण पुस्तकात बरोबर आहे : तोटीची घाण मोजायची नाही, नळातलं पाणी मोजायचं. पण ही पद्धत त्या शहरासाठी लिहिलेली, जिथं नळ रात्रंदिवस भरलेला असतो. आपल्याकडं ती दोन-तीन मिनिटं म्हणजेच तर गटार! तेवढं वाहून जाऊ द्या, मग बाटली भरा, नमुना पास. साहेब खूष, अहवाल खूष. आणि वस्तीत पोरांना जुलाब.

आमच्या गल्लीत कावीळ पसरली तेव्हा आम्ही चार पोरं एका पाणी खात्याच्या कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, ‘तुमच्या भागाचा नमुना पास आहे.’ कुठून घेतला? ‘टाकीवरून.’ आम्ही म्हटलं, साहेब, आम्ही टाकीला तोंड लावून पीत नाही. साहेबांनी फाईल मिटली आणि म्हणाले, ‘पाणी उकळून प्या.’

उकळून प्या! गॅस काय फुकट येतो? सहा माणसांच्या घरात रोज वीस लिटर पाणी उकळायचं म्हटलं तर सिलिंडर महिना कसा काढील? आणि उकळून जंतू मरतात, पण पाण्यात शिसं असेल, नायट्रेट असेल तर ते उकळून जात नाही, पाणी आटतं आणि ते दाट होतं. नळाचा दोष, आणि दंड आमच्या चुलीला!

आणि ज्यांचा नळच कागदावर नाही त्यांचं काय? अमुक तारखेनंतरची झोपडी, म्हणून नळ नाही, म्हणून चोरून घेतलेलं किंवा विकत घेतलेलं पाणी. पालिकेच्या वहीत तो नळ नाही, तर त्याचा नमुना कुठून येणार? 2014 साली मुंबई उच्च न्यायालयानं पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी घटनेच्या कलम 21 प्रमाणं माणसाला पाणी नाकारता येत नाही. 2022 ला महापालिकेनं ‘सर्वांसाठी पाणी’ असं धोरण आणलं. ठीक. पण महाडचाही ठराव 1924 ला होताच की! ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये आपल्याला नेहमी चालत जावं लागलंय.

दोस्तहो, ही चाल फक्त इथली नाही. 1972 ला आपल्या पोरांनी मुंबईत दलित पँथर काढली, ते नाव अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडून आलं. त्याच काळ्या लोकांची वस्ती जास्त असलेलं एक शहर आहे, मिशिगन राज्यातलं फ्लिंट. एप्रिल 2014 मध्ये पैसे वाचवायला सरकारी प्रशासकाच्या कारभारात त्या शहराचं पाणी बदललं. नदीचं पाणी आलं, पण ते नळाला खाऊ नये म्हणून जे औषध टाकायचं ते टाकलं नाही. जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरलं. ऑक्टोबर 2014 मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्यानं ते पाणी बंद करून दुसरीकडून घेतलं. का? इंजिनचे भाग गंजत होते. म्हणजे लोखंडाला जे चाललं नाही ते लेकरांना आणखी एक वर्ष पाजलं!

आणि तपासणी? तपासणी चालूच होती. लोकांना सांगितलं, नमुना घ्यायच्या आधी नळ वाहू द्या. 2015 मध्ये 71 नमुने गोळा झाले, त्यातले जास्त शिसंवाले दोन गाळले, 69 धरले आणि शहर पास केलं. हेच आपलं ‘टाकीवरून’! मग फ्लिंटच्या आयांनी काय केलं? व्हर्जिनिया टेक विद्यापीठातून 300 तपासणी-संच आले, ते घरोघर वाटले, स्वतः बाटल्या भरल्या, परत पाठवल्या. निकाल आला. डॉक्टर मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्तातलं शिसं वाढल्याचं मांडलं. ऑक्टोबर 2015 ला जुनं पाणी परत आलं. 2017 साली त्याच राज्याच्या नागरी हक्क आयोगानं लिहून दिलं की या प्रकरणामागं व्यवस्थेत मुरलेला वंशभेद आहे. वंशभेद कुणी शिवी देऊन केला नव्हता. नळातून केला होता.

आपल्याकडं 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. दलित-आदिवासी वापरतात तो पाणवठा घाण करणं हा त्यात गुन्हा आहे. उद्या कुणी आपल्या विहिरीत घाण टाकली तर आपण मोर्चा काढू, काढलाच पाहिजे. पण नळातून रोज सकाळी तीच घाण येते तिथं आरोपी कोण? चावी? गटार? गंज? कुणीच नाही! एकाचा हात सापडला तर अत्याचार, आणि सगळ्या खात्याचा हात असला तर ‘तांत्रिक अडचण’.

आणि या शहराची गटारं साफ कोण करतं? गटारात उतरून मरतो कोण? 2013 चा कायदा झाला तरी मॅनहोलमधून प्रेत निघतं ते बहुतेक वेळा आपल्याच माणसाचं. म्हणजे बापानं दिवसा शहराची घाण उपसायची आणि रात्री पोरानं तीच घाण पेल्यात प्यायची. हा योगायोग आहे असं म्हणणाऱ्याला मी मनूचा वकील म्हणतो.

आता आपल्यांना दोन शब्द. दर 20 मार्चला महाडला जाणारे आपले पुढारी आहेत. गाड्या, फलक, फोटो. परत येतात आणि निवडणुकीच्या तोंडावर वस्तीत पाण्याचं मशीन बसवतात, त्यावर स्वतःचं थोबाड. पाच रुपयांत जार. म्हणजे नळाचा हक्क गेला आणि पाणपोईचं दान आलं! दान म्हणजे पुन्हा वरून ओतलेलं पाणी, खाली ओंजळ धरायची. बाबासाहेब तळ्यावर गेले ते तहान लागली म्हणून गेले नव्हते. माणूस म्हणून बरोबरीचा हक्क बजावायला गेले होते. तो हक्क मशीनच्या तोटीला बांधू नका.

मग करायचं काय? भाषण बस्स. कामाचं सांगतो.

एक. नळ आल्याबरोबर पहिलं पाणी आणि दहा मिनिटांनंतरचं पाणी असे दोन नमुने मागा. दोन्हींचा निकाल लेखी मागा. नुसता ‘पास’ नको, आकडा हवा.

दोन. क्लोरीन आपण स्वतः तपासू शकतो. डीपीडीची गोळी पाण्यात टाकली की क्लोरीन असेल तर गुलाबी रंग येतो, रंगाच्या तक्त्याशी ताडायचा. मानकाप्रमाणं नळाच्या शेवटी लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन पाहिजे. पाणी पांढरंच राहिलं तर समजा, वाटेत घाणीनं क्लोरीन खाल्लं किंवा ते पडलंच नाही.

तीन. एच-टू-एसची बाटली वापरा. 1982 साली आपल्याच देशातल्या संशोधकांनी ही स्वस्त पद्धत मांडली. बाटलीत पाणी भरून ठेवायचं. दोन दिवसांच्या आत काळं पडलं तर विष्ठेचा संशय. हा शेवटचा पुरावा नाही, पण पालिकेच्या टेबलावर काळी बाटली ठेवली की साहेबाला ती झाकता येत नाही. मग प्रयोगशाळेचा नमुना मागायचा.

चार. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. दहा रुपयांचा अर्ज. विचारा : गेल्या वर्षी आमच्या वॉर्डात किती नमुने घेतले, कुठल्या पत्त्यावर, किती वाजता, नापास किती, नापास झाल्यावर काय केलं. पत्ते नकाशावर मांडा. आपल्या वस्तीवर एकही ठिपका पडला नाही, तर तो कोरा नकाशाच आपलं आरोपपत्र.

पाच. वही ठेवा. कुठल्या गल्लीत कुणाला जुलाब, कावीळ, टायफॉईड, कुठल्या तारखेला. ही वही बायांच्या हातात द्या. पाण्याचा वास त्यांना आधी कळतो.

हे काम कवितेएवढं गाजणार नाही. टाळ्या पडणार नाहीत. पण काळी बाटली, तारीख, पत्ता आणि आकडा घेऊन शंभर पोरं वॉर्डाच्या दारात उभी राहिली तर त्या मोर्चाला उत्तर द्यावं लागतं. महाडचा खटला दहा वर्षं चालला. 1937 ला उच्च न्यायालयात आपण जिंकलो. तळं आपलं झालं. आता नळ आपला करायचाय, आणि नळ आपला झाला असं तेव्हाच म्हणायचं, जेव्हा त्यातल्या पहिल्या पेल्याचा निकाल आपल्या हातात असेल.

येत्या 20 मार्चला ज्याला महाडला जायचंय त्यानं जरूर जावं. पण जाताना आपल्या गल्लीच्या नळाची एक बाटली भरून ठेवावी. परत येईपर्यंत ती काळी पडते का ते बघावं.

जयभीम!