बैठक आधीं, रंग मागाहून

दिवाळींत ज्यानें अंगणांत मातीचा किल्ला केला आहे, त्यास एक अनुभव निश्चित आला असेल. तटावर मोठ्या हौसेनें मावळे मांडावे, दरवाजापाशीं भालदार उभे करावे, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठून पाहावें तों निम्मे मावळे तोंडघशीं पडलेले! बाजारांतील मातीचा मावळा रंगानें झकपक असतो. परंतु त्याची बैठक, म्हणजे ज्या चकतीवर तो उभा असतो ती, बहुधा ओबडधोबड व अंगाच्या मानानें लहान असते. किल्ल्याच्या ओल्या मातींत ती दाबून बसवितां येते, म्हणून निभावून जातें. ज्या खेळांत शिपायांस एकसारखें हालवावें लागतें, तेथें मात्र हें निभत नाहीं.

असा एक खेळ आमच्या शाळेंतील सातआठ विद्यार्थी गेल्या वर्षापासून शनिवारीं दुपारीं खेळत आहेत. मोठ्या मेजावर टेंकड्या, नदी, पूल, झाडी मांडावयाची. दोहों बाजूंनीं अंगठ्याच्या पेराएवढे धातूचे किंवा प्लास्टिकचे शिपाई उभे करावयाचे. पट्टीनें मोजून ते पुढें न्यावयाचे, आणि चकमकीचा निकाल फाशांनीं लावावयाचा. बुद्धिबळाचाच हा भाऊ, परंतु ह्याच्या पटावर घरें आंखलेलीं नसतात. बुद्धिबळांत प्याद्यास जागा देतो तो पट. ह्या खेळांत शिपाई आपली जागा आपल्या पायांखालीं घेऊन हिंडतो. म्हणून शिपाई विकत घेतल्यावर पहिला प्रश्न विचारावयाचा तो रंगाचा नव्हे, बैठकीचा, असें आमचें स्पष्ट मत आहे. आमचे विद्यार्थी नेमकें उलट करतात. आणि पालकही बक्षीस म्हणून रंगाच्या बाटल्याच आणून देतात!

गेल्या पावसाळ्यांतील एका शनिवारची गोष्ट. मेजावर साडेबारा सेंटिमीटर रुंदीचा पूल होता. दहावींतील एका विद्यार्थ्याचे शिपाई २५ मिलिमीटर व्यासाच्या वाटोळ्या बैठकांवर होते. ते पांच जण खांद्यास खांदा लावून पुलावर नेमके मावले. समोर नववींतील एका विद्यार्थ्याची पलटण होती. त्यानें मे महिन्याची सारी सुटी खर्चून ती रंगविली होती, आणि ३२ मिलिमीटरच्या बैठका घेऊन त्यांवर खडक, गवत व सुकलेलीं पानें अशीं खुबीनें बसविलीं होतीं कीं पाहणारानें पाहतच राहावें. त्याचे तीन शिपाई पुलावर मावले. चौथा तीन मिलिमीटरांनीं बाहेर राहिला. “दादा, एवढें चालवून घे ना,” असें धाकट्याचें म्हणणें, “मी तुझ्या जागीं असतों तर तूं चालवून घेतलें असतेंस काय?” असा थोरल्याचा सवाल. प्रकरण आमच्याकडे आलें. आम्हीं पट्टी मागविली आणि चौथ्या शिपायास खालीं उतरविलें. निकाल योग्य होता असें आम्हांस आजही वाटतें. तरी पांचांशीं तिघांची ती लढाई फाशांनीं हरलेली नव्हती, ती दुकानांतच हरलेली होती. त्या रात्रीं मुलानें घरीं आपले शिपाई बैठकांवरून कापून काढण्याचा प्रयत्न केला. दोघांचे पाय घोट्याशीं तुटले.

ज्यांस भूमितीची गोडी आहे त्यांनीं कागदाच्या चकत्या कापून पाहाव्या. २५ मिलिमीटरच्या एका चकतीभोंवतीं तेवढ्याच सहा चकत्या नेमक्या बसतात. तीच चकती ३२ च्या चकत्यांनीं वेढूं गेलें तर पांचच बसतात. उलट ४० च्या चकतीस २५ च्या सात भिडतात. म्हणजे बैठक वाढत गेली कीं तिला वेढणारे शत्रु वाढतात आणि तिच्या पक्षानें शत्रूस भिडणारे मित्र घटतात. मोठी बैठक सदाच तोट्याची असेंही नाहीं. दहा माणसांनीं खिंड अडवावयाची असेल तर लहान बैठकांची फळी २५ सेंटिमीटर होते, मोठ्यांची ३२. नफा असो वा तोटा, तो शिपायाच्या शौर्याचा नव्हे, त्याच्या चकतीचा होय.

ही गोष्ट जुन्या लोकांस चांगली ठाऊक होती. प्रशियांत राइस्विट्झ नांवाच्या पितापुत्रांनीं सैनिकी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं युद्धखेळ रचला. पित्यानें १८१२ च्या सुमारास, आणि पुत्रानें तो सुधारून १८२४ सालीं. पुत्राच्या खेळांत नकाशा १ ला ८,००० ह्या प्रमाणाचा असे, आणि त्यावर शिपायांच्या मूर्ति नसत, नुसते ठोकळे असत. ठोकळ्याची लांबी तुकडीच्या खऱ्या आघाडीवरून काढलेली असे. १६० मीटरांची आघाडी ह्या हिशेबानें २० मिलिमीटर होते. तेथें बैठक हाच शिपाई होता म्हणाना! पुढें इंग्लंडांत एच्. जी. वेल्स ह्या कादंबरीकारानें १९१३ सालीं ‘लिट्ल वॉर्स’ हें पुस्तक लिहून हा खेळ घराच्या जमिनीवर आणला. त्याचे शिपाई खेळण्याच्या दुकानांतले, बैठकीसकट ओतलेले. पायदळानें एका डावांत एक फूट आणि घोडदळानें दोन फूट चालावें असा त्याचा नियम होता. स्प्रिंगच्या तोफेंतून लांकडी गोळी मारावयाची, आणि जो पडला तो मेला. अशा खेळांत रुंद बैठक हें चिलखतच नव्हे काय?

आजकाल बैठकीचें माप बहुधा शिपाई विकणारेच ठरवितात. १९८३ सालीं निघालेल्या ‘वॉरहॅमर’ ह्या प्रसिद्ध खेळांत माणसाची बैठक दीर्घकाळ २० मिलिमीटरची चौकोनी होती. २०१५ सालीं त्या खेळाच्या जागीं दुसरा आला, आणि बैठका वाटोळ्या झाल्या. पुष्कळांनीं आपलीं जुनीं सैन्यें सोलून नव्या चकत्यांवर चढविलीं. पुढें २०२४ सालीं ‘द ओल्ड वर्ल्ड’ ह्या नांवानें चौकोनी बैठका परत आल्या. परंतु माणसाची बैठक आतां २५ मिलिमीटरची! ज्यांनीं कापाकापी केली त्यांच्याविषयीं आम्हांस सहानुभूति वाटते, आणि थोडें हसूंही येतें. व्यापाऱ्यानें आपला माल बदलूं नये असें कोणी म्हणणार नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं शाळकरी मुलानें आपल्या दोन वर्षांच्या श्रमांची दोरी यादीपत्रकाच्या हातीं देऊं नये. ज्या सोबत्यांशीं खेळावयाचें त्यांच्याशीं बसून माप ठरवावें, तें वहींत लिहावें, आणि मग डिंकाची बाटली उघडावी.

कोणतें माप, असें विचाराल तर आम्ही २५ मिलिमीटरची वाटोळी बैठक सुचवूं. एकेकट्या शिपायांच्या चकमकींत ती चालते. आणि ओळींत लढावयाचें असेल तेव्हां २५ मिलिमीटरचीं चौकोनी घरें पाडलेलें एक पातळ तबक करावें, त्या घरांत ही चकती बरोबर बसते. नियम बदलले तर तबक बदलेल, शिपायाच्या घोट्यास हात लावावा लागणार नाहीं. ज्यांस थोड्या खर्चांत संबंध सैन्य हवें, त्यांच्यासाठीं दुसरी वाट आहे. ‘डी. बी. ए.’ ह्या १९९० सालच्या नियमांत १५ मिलिमीटर उंचीच्या शिपायांसाठीं प्रत्येक बैठक ४० मिलिमीटर रुंद असते. तिजवर दाट फळीचे पायदळ असेल तर सामान्यतः चार, तुरळक लढणारे असतील तर दोन, आणि हत्ती असेल तर एकच. अशा बारा बैठकांचें सैन्य होतें; म्हणजे पन्नासाच्या आंत शिपायांत पुरूची आणि सिकंदराची झेलमकांठची लढाई मांडण्यास आरंभ करतां येतो. बैठकीवरचीं डोकीं मोजलीं कीं तुकडीची जात कळते, हा त्यांतील आम्हांस विशेष आवडलेला भाग.

“पण लहान बैठकीवरचा शिपाई पडतो त्याचें काय?” ही तक्रार खरी आहे. तिचा उपाय मात्र रुंदींत नाहीं, वजनांत आहे. शिपायाचा गुरुत्वमध्य मेजापासून २० मिलिमीटर उंच धरला, तर २५ च्या बैठकीवर तो सुमारें ३२ अंश कलेपर्यंत सांवरतो. बैठक ३२ ची केली तर ३८ अंशांच्या थोडा पुढें. तीच २५ ची बैठक ठेवून तिच्या खालीं पोलादी वायसर चिकटविला आणि गुरुत्वमध्य १२ मिलिमीटरांवर आणला, तर तो ४६ अंशांपर्यंत पडत नाहीं. वायसर हार्डवेअरच्या दुकानांत मिळतो. तो बैठकीहून किंचित् लहान घ्यावा, म्हणजे बाहेर दिसत नाहीं. शिवाय पेटीच्या तळाशीं लोहचुंबकाचा पत्रा घातला कीं शिपाई बसच्या धक्क्यांनींही जागचे हालत नाहींत. तयार नक्षीदार बैठका विकत आणून देणाऱ्या पालकांनीं हा हिशेब एकदां मुलाकडून करवून घ्यावा.

बैठक पुठ्ठ्याची करूं नये. फेव्हिकॉल आणि वाळू वर पसरली कीं पुठ्ठा एका बाजूनें पाणी पितो आणि वाळतांना वांकतो. दोन किंवा तीन मिलिमीटर जाडीचें प्लायवुड बरें. वाळू समुद्रकांठची असेल तर आधीं धुवून खार काढावा व चहाच्या जुन्या गाळणींतून चाळावी. गवत, खडे हवे तेवढे लावा, आमची ना नाहीं. पण कडेच्या बाहेर कांहींही डोकावूं देऊं नका, कारण मोजतांना पट्टी कडेसच लागते. कड एकाच सपाट रंगानें रंगवावी. आणि शिपाई बैठकीस गच्च चिकटवूं नये. पायांत टाचणीचा तुकडा रोवून अगदीं थोड्या डिंकानें उभा करावा, म्हणजे उद्यां सोडवावा लागला तर सुटेल.

त्या नववींतल्या मुलानें (आतां तो दहावींत आहे) आपल्या दोन्ही जखमी शिपायांच्या घोट्यांत अशाच टाचण्या घातल्या आहेत, आणि ते तिसऱ्या रांगेंत उभे असतात. बाकीच्या पलटणीच्या ३२ मिलिमीटरच्या बैठका त्यानें ठेवल्या आहेत. सर्वांनीं मिळून ठरविलें कीं ह्या वर्षीं त्याच्याशीं खेळणारानेंही तेवढ्याच मापाच्या कोऱ्या चकत्या आपल्या शिपायांच्या खालीं सरकवाव्या. पूल मात्र अजून साडेबारा सेंटिमीटरांचाच आहे.