लाभार्थी नव्हे, ग्राहक!

बैल विकत घेताना शेतकरी कधी घाई करीत नसे. दात पाहून वय ठरवायचे, खूर तपासायचे, चार पावले चालवून बघायचे, एखाद्या जाणत्याला बरोबर न्यायचे आणि मगच रुमालाखाली हात घालून सौदा पक्का करायचा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. त्याच शेतकऱ्याच्या अंगणात आज बैलजोडीच्या कितीतरी पट किमतीचा छोटा ट्रॅक्टर येऊन उभा राहतो. बॉनेटला हार चढतो, नारळ फुटतो, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. यंत्राची पारख मात्र कोणीच केलेली नसते. ती होते पहिल्या पावसात. आणि तोवर व्यापाऱ्याचे पैसे चुकते झालेले असतात, बँकेचा पहिला हप्ता उंबरठ्याशी आलेला असतो.

पालघर जिल्ह्यात या पारखीला विशेष महत्त्व आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. पश्चिमेला खाजणे आणि वाड्या, पूर्वेला जव्हार-मोखाड्याचे डोंगर, आणि मधल्या पट्ट्यात भाताची लहान लहान खाचरे. बोईसर-तारापूर परिसरात १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि पोलाद, रसायने, औषधे, कापड यांचे शेकडो कारखाने आले. गावातला तरुण सकाळी डबा घेऊन कारखान्याच्या पाळीवर जाऊ लागला. ऐन आवणीच्या दिवसांत शेतावर माणूस मिळेनासा झाला आणि वर्षभर बैल पोसणे परवडेनासे झाले. अशा घराला यंत्रावाचून गत्यंतर उरले नाही. पण बांधाबांधांनी तुकडे पडलेल्या खाचरात चाळीस-पन्नास अश्वशक्तीचा मोठा ट्रॅक्टर वळतच नाही. चिकूच्या वाडीत तो झाडांच्या फांद्या मोडतो. म्हणून पंधरा ते वीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर हीच इथल्या शेतकऱ्याची स्वाभाविक निवड ठरते. त्याची ही निवड चुकीची आहे, असे कोणी म्हणणार नाही.

चिखलणीची कसोटी

कोकणातील भातशेतीइतकी कठोर परीक्षा छोट्या ट्रॅक्टरची दुसरीकडे क्वचितच होत असेल. कोरड्या रानात नांगरट करणे वेगळे आणि गुडघाभर चिखलात रोटाव्हेटर फिरवणे वेगळे. चिखलणीत चाकांचे हब, पुढचा आस आणि गिअरपेटी तासन्‌तास पाण्या-गाळात बुडालेली असतात. एखादे तेलरोधक सील हलक्या प्रतीचे निघाले की पाणी आत शिरते, गिअरचे तेल दुधासारखे पांढरे होते आणि बेअरिंग घासू लागते. खाजणालगतच्या गावांत खारे पाणी आणि खारी हवा पत्र्याला व बोल्टना वर्षभरात गंज चढवते. हलक्या यंत्राचे चाक चिखलात जागीच फिरते, तेव्हा सगळा ताण क्लचवर येतो. नव्या ट्रॅक्टरबद्दलची बहुतेक निराशा याच ठिकाणी जन्म घेते. सील गळते, उचल यंत्रणा अवजार पेलत नाही, सेल्फ लागत नाही, क्लच पहिल्याच हंगामात संपतो.

शहरात मोटार बिघडली तर माणूस रिक्षाने जातो. शेतात तशी सोय नाही. राबावरचे रोप तीन-साडेतीन आठवड्यांचे झाले की त्याला खाचर तयार हवे. त्या आठवड्यात ट्रॅक्टर गावाबाहेर दुरुस्तीला पडून राहिला, तर रोप जून होते, फुटवे कमी येतात आणि उत्पादन घटते. हमीपत्राखाली सुटा भाग फुकट बदलून मिळेलही. हातचा गेलेला हंगाम कोणतीही कंपनी बदलून देत नाही. शिवाय भाड्याने दुसरा ट्रॅक्टर आणावा लागतो, तो खर्च निराळाच. अनेकदा बोईसरच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये लेथवर बुश कातून घेऊन शेतकरी वेळ भागवतो. कारागिराच्या कौशल्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण नव्या कोऱ्या यंत्राला पहिल्याच हंगामात लेथ दाखवावा लागावा, ही गोष्ट भूषणावह नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. प्रत्येक बिघाड कारखान्याच्या माथी मारणे न्यायाचे नाही. पंधरा अश्वशक्तीच्या यंत्रामागे पेलवणार नाही एवढा रोटाव्हेटर लावला जातो. पावसाळा संपताच त्याच ट्रॅक्टरला विटांनी किंवा पेंढ्याने शिगोशीग भरलेली ट्रॉली जोडली जाते. पहिल्या काही तासांनंतरची तपासणी व तेलबदल टाळला जातो. परंतु यातील बरेचसे अज्ञान दूर करणे विक्रेत्याच्याच हाती असते. कोणत्या मातीत कोणते अवजार चालेल, चिखलासाठी लोखंडी चाके लागतील की नाही, हे विकतानाच सांगायचे असते. बहुतेक वेळा सांगितला जातो तो फक्त हप्ता.

उपकाराचे ओझे

या सगळ्यात आश्चर्य वाटावे अशी गोष्ट एकच आहे. एवढे होऊनही लेखी तक्रार फारशी होत नाही. शेतकरी चडफडतो, चावडीवर बोलतो, पुढच्या वेळी ही गाडी घ्यायची नाही असे ठरवतो आणि गप्प बसतो. याचे कारण अनुदानाच्या पद्धतीत दडलेले आहे.

२०१४-१५ मध्ये केंद्र सरकारने कृषी यांत्रिकीकरणाचे उपअभियान सुरू केले. महाराष्ट्रात त्यासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा, निवड झाली की पूर्वसंमती घ्यायची, यंत्र खरेदी करून देयक चढवायचे, मग प्रत्यक्ष पाहणी होते आणि अनुदान खात्यात जमा होते. मध्यस्थ टाळणारी ही रचना चांगलीच आहे. पण त्या पाहणीत पाहायचे काय असते? यंत्र खरेच घेतले आहे की नाही, एवढेच. ते चिखलात चालते की नाही, हा प्रश्न त्या रकान्यांत येत नाही. अनुदान खात्यात पडेपर्यंत तक्रार करायला शेतकरी कचरतो. आपल्याच फाइलला खोडा बसेल, ही त्याची भीती. अनुदान पडल्यावर तो मनाशी म्हणतो, निम्मे पैसे सरकारचे, मग दोष कशाला काढायचा? दात्याच्या गाईचे दात पाहू नयेत, हा संस्कार त्याला इथे आडवा येतो. मग विक्रेत्याच्या लेखी तो ग्राहक उरत नाही, आणि स्वतःच्या लेखीही तो लाभार्थी होऊन बसतो.

हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. अनुदान हे सरकारने शेतकऱ्याला दिलेले साहाय्य आहे, कारखानदाराला दिलेली सवलत नव्हे. विक्रेत्याच्या गल्ल्यात यंत्राची पूर्ण किंमत पडते. मग यंत्रही पूर्ण प्रतीचेच मिळाले पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि खरेदी आणखी आवाक्यात आली. स्वस्ताई स्वागतार्ह आहे. परंतु कर कमी झाल्याने सील गळायचे थांबत नाही.

कायदा काय म्हणतो?

ग्राहक म्हणजे राजा, असे भाषणात म्हणायचे आणि दुकानात त्याला याचक करायचे, या वृत्तीविरुद्ध महाराष्ट्राने फार आधी आवाज उठवला. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले. संसदेत ग्राहक संरक्षण कायदा झाला तो त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये. आज त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली असून तो जुलै २०२० पासून लागू आहे.

ट्रॅक्टर हे धंद्याचे साधन, म्हणून शेतकरी ग्राहक ठरत नाही, असा युक्तिवाद पुष्कळदा पुढे केला जातो. तो टिकणारा नाही. स्वयंरोजगाराने उदरनिर्वाह करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जाणार नाही, असे कायद्यातच स्पष्ट लिहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात हा अर्थ उलगडून सांगितला. २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सदोष बियाणे मिळालेला शेतकरी हा ग्राहकच आहे, असा निर्वाळा त्याच न्यायालयाने दिला. नव्या कायद्यानुसार शेतकरी राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. दोष तपासण्यासाठी आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे स्वतंत्र प्रकरणही या कायद्यात आहे. शस्त्र आहे, धारही आहे. उचलणारा हात हवा.

चाचणी एकाची, खरेदी हजारांची

मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची १९५५ साली स्थापन झालेली कृषी यंत्रे प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. इंजिनाची शक्ती, ओढ, उचल, ब्रेक, शेतातील काम अशा कसोट्या तिथे लावल्या जातात. अशा मान्यताप्राप्त चाचणीतून गेलेल्या यंत्रांनाच अनुदान मिळते. पण चाचणी होते ती एखाद्या नमुन्याची. त्यानंतर बाहेर पडणारे प्रत्येक यंत्र त्याच तोडीचे असेल, याची ग्वाही प्रमाणपत्र देत नाही. शिवाय चाचणी अहवाल तांत्रिक इंग्रजीत असतात आणि खरेदीदाराच्या हाती कधीच पडत नाहीत. चिखलणीच्या चाचणीतील निष्कर्ष मराठीत, एका पानावर, प्रत्येक खरेदीदाराला देणे विक्रेत्यावर बंधनकारक केले, तर निम्मी निराशा खरेदीपूर्वीच टळेल.

हे सारे अशक्य आहे, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. संख्येने जगात सर्वाधिक ट्रॅक्टर भारतात बनतात. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेतील अभियंत्यांनी परदेशी आराखडा न घेता वीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घडवला आणि त्यातूनच १९७४ मध्ये पंजाबातून ‘स्वराज’ बाजारात आला. २००३ मध्ये महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाला जपानचा डेमिंग गुणवत्ता पुरस्कार मिळाला. जगातील कोणत्याही ट्रॅक्टर कंपनीला तोवर तो मिळाला नव्हता. मोठ्या यंत्रात जी गुणवत्ता साधते, ती छोट्या यंत्रात का साधू नये? छोट्या शेतकऱ्याला हलका माल चालतो, हा समज त्यामागे असेल, तर तो मोडून काढला पाहिजे. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांवर तर ही जबाबदारी अधिकच आहे. स्वदेशी म्हणजे निकृष्टाला दिलेले अभय नव्हे.

दुरुस्तीचा हक्क हा याचाच पुढचा भाग. अमेरिकेतील कोलोराडो राज्याने शेतकऱ्याला आपले यंत्र स्वतः किंवा कोणत्याही कारागिराकडून दुरुस्त करता यावे, म्हणून २०२३ मध्ये कायदा केला. भारतात केंद्राने २०२२ मध्ये या विषयावर समिती नेमली, तेव्हा पहिल्या चार क्षेत्रांत शेती अवजारांचा समावेश केला. बोईसरच्या कारागिराला सुट्या भागांचे आराखडे आणि अस्सल भाग मिळाले, तर शेतकऱ्याचा हंगाम वाचेल आणि गावातल्या हाताला कामही मिळेल.

कार्यकर्त्यांनी उचलावे असे काम इथे आहे. गावात नवा ट्रॅक्टर येताना यंत्र जाणणारा एक माणूस खरेदीदारासोबत जावा. कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर आणि मेकॅनिक या पट्ट्यात घरोघरी आहेत. ताबा घेण्यापूर्वी यंत्र भार देऊन चालवून पाहावे. इंजिन व चासी क्रमांक, तासमापकाचा आकडा आणि हमीच्या अटी लिहून घ्याव्यात. बिघाड झाला तर तोंडी न सांगता तारखेसह लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी, जॉब कार्डाची प्रत जपावी, गळतीचे छायाचित्र काढून ठेवावे. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी आणि पुढे आयोगाकडे जावे. एकाच मॉडेलच्या पाच तक्रारी एकत्र गेल्या, तर त्यांना शेतकऱ्याची अडाणी तक्रार म्हणून उडवून लावणे कोणालाही जड जाईल.

हे काम मे महिन्यात सुरू झाले पाहिजे. राबावर रोप उगवल्यानंतर शेतकऱ्याला भांडायला सवड नसते.