ओंबळेंच्या काठीचे ऋण

२६ नोव्हेंबर २००८ची रात्र, मुंबईवरचा दहशतवादी हल्ला. गिरगाव चौपाटीवर सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हाती फक्त काठी होती. गोळ्या झेलत त्यांनी हल्लेखोर अजमल कसाबच्या बंदुकीची नळी सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे (एनएसजी) जवान दिल्लीहून पोहोचेपर्यंत पहाट झाली. १६६ जीव गेले.

त्यानंतर राष्ट्रीय तपास संस्था (एनआयए), मुंबईतले एनएसजी केंद्र, राज्य पोलिसांचे ‘फोर्स वन’ पथक उभे राहिले. माणसेही बदलली. लोकलमध्ये बेवारस पिशवी दिसली की आजही काळजात धस्स होते. ही सावधगिरी हवीच. पण शेजाऱ्याचे नाव ऐकून संशय घेणे म्हणजे हल्लेखोरांचा हेतू आपल्याच हातांनी तडीस नेणे. हल्लेखोर समुद्रमार्गे आले होते आणि ओंबळेंच्या हाती काठीच होती; म्हणून सागरी गस्त आणि पोलिसांची साधनसामग्री यांची आठवण सरकारला केवळ स्मृतिदिनी नव्हे, बारमाही राहिली पाहिजे. ओंबळेंचे ऋण फुलांनी फिटणारे नाही.