राखीव सावली

पुरुषोत्तमनगर सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती वसले. जवळच्या शहाद्यात साने गुरुजींच्या नावाच्या मंडळाने महाविद्यालये उभारली. ज्या जिल्ह्यात 2011च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोक आदिवासी आहेत, तेथे महाविद्यालयीन आवाराची प्रत्येक वीत सामाजिक ठेव ठरते.

म्हणूनच महाविद्यालयांतील 'प्राध्यापकांसाठी राखीव' हा फलक विचारात घ्यावा लागतो. एका मोटारीला सुमारे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. तेवढ्यात दहा विद्यार्थी वाचत बसू शकतात. वेतन आयोगाने मोटार परवडू लागलेल्या वर्गाला ही जमीन फुकट मिळते, आणि एस.टी.ने येणारा विद्यार्थी फाटकाबाहेर उन्हात ताटकळतो. वाहनतळाचे शुल्क जमिनीच्या मोलाशी जुळावे, हे 2006च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने मान्य केले आहे. भांडवलशाही अमेरिकेतील बर्कली विद्यापीठातही नोबेल विजेत्यांना मानाची राखीव जागा मिळते. इतर प्राध्यापक परवान्याचे पैसे मोजतात.

प्राध्यापक लांबून येतात, तासिका वेळेवर घ्यावी लागते, असा युक्तिवाद केला जातो. तो खोटा नाही. पण तो गरजेचा आहे, हुद्द्याचा नव्हे. मग नियमही गरजेचाच हवा. दाराजवळची जागा अपंगांना व आजाऱ्यांना, मग ती शिपायाची सायकल का असेना. मोटारींना शुल्क, आणि त्या पैशातून बसथांब्यावर छप्पर.

कार्यकर्त्यांनी हा विषय क्षुल्लक मानू नये. समतेचा पहिला धडा वर्गात नव्हे, फाटकातच गिरवला जातो.