खोट्या पत्त्याचा पहारा कुचकामीच

ई-मेलच्या पत्त्यांच्या यादीत सर्वांत वर एक खोटा पत्ता टाकून ठेवा, म्हणजे व्हायरस तिथेच अडकेल, असा सल्ला अधूनमधून फिरत असतो. माझ्या मते हा तोडगा दारावर लिंबू-मिरची टांगण्यासारखाच आहे.

मार्च १९९९ मध्ये पसरलेला ‘मेलिसा’ यादीतल्या पहिल्या ५० पत्त्यांवर जात असे. मे २००० मधला ‘आय लव्ह यू’ तर यादीतल्या सगळ्यांकडे. खोट्या पत्त्यावरचा मेल फार तर परत येतो, बाकीच्यांना तो पोहोचतोच. पुढे आलेला ‘क्लेझ’ संगणकातल्या इतर फायलींमधूनही पत्ते गोळा करी आणि पाठवणाऱ्याचा पत्ताही खोटा घाली. मग परत आलेल्या मेलवरून आपल्याला लागण कळेल, हा भरवसाही उरत नाही.

लोक फसले, कारण मेल ओळखीच्या माणसाकडून आला होता. म्हणून न मागितलेली अटॅचमेंट उघडण्यापूर्वी त्या माणसाला फोन करून विचारा. संगणकाची सिस्टीम आणि अँटिव्हायरस अद्ययावत ठेवा. आपल्या यादीत नातेवाईक, मित्र, सहकारी असतात. आपण घाईने केलेल्या एका क्लिकचा ताप त्या सगळ्यांना होतो.