आमची चेतक, त्याचा प्रश्न

मंडळी, पळसदरीत काय किंवा पुण्यात काय, जुनी चेतक दिसली की कुणीतरी हमखास म्हणतं, "काय गाडी होती! अस्सल आपली!" घरच्या कार्यात तर हे वाक्य प्रसादासारखं वाटलं जातं. काका-मामा मंडळींनी राग मानू नये, पण आज त्याविरुद्ध लिहायचंच आहे.

गाडी आकुर्डीत बनली हे खरं. पण तिच्यामागचं डोकं कोर्रादिनो दास्कानियो या इटालियन माणसाचं. जन्म १८९१, मूळचा विमानांचा इंजिनिअर. १९३० साली त्याच्या हेलिकॉप्टरनं विक्रम केले होते. महायुद्धात पियाजिओचा पोन्तेदेराचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. विमानांचं काम थांबलं, आणि मालक एन्रिको पियाजिओनं त्याला स्वस्त दुचाकी करायला सांगितलं. गंमत म्हणजे या गृहस्थाला मोटारसायकल मुळीच आवडत नसे! बसायला अवघड, चाक बदलायचं म्हणजे कटकट, चेनच्या तेलानं कपडे खराब. मग त्यानं नावडीचा एकेक मुद्दा सोडवला. चेन काढली, इंजिन मागच्या चाकापाशी नेलं, गिअर हातात दिला, पुढे पत्रा आणि पायाशी सपाट जागा केली. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं. २३ एप्रिल १९४६ ला पेटंटचा अर्ज गेला. तीच व्हेस्पा.

आपण काय केलं? बजाजनं आधी परवान्यावर व्हेस्पा बनवली. १९७१ मध्ये करार संपला आणि १९७२ मध्ये त्याच धर्तीवर चेतक आली. पुढे तीसेक वर्षं थोड्याफार फरकानं तीच गाडी! सुरू होईना तर आडवी करायची, पुन्हा किक मारायची. या व्यायामाची आपल्याला लाज वाटली नाही, उलट कौतुक वाटलं.

गाडी स्वस्त होती, कोपऱ्यावरचा मेकॅनिक दुरुस्त करी, चौघांचं कुटुंब आणि भाजीची पिशवी मावे... सगळं मान्य. "परवान्यांचं राज्य होतं हो, स्पर्धाच नव्हती," हेही मान्य. लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत, मग कंपनी कशाला बदलेल? पण पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर १९६९ पासून होतं. जर्मनीतल्या उल्मला शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी तिथे शिकवत होते. म्हणजे शिकवणारे होते. "हे असं त्रासदायक का?" असं विचारणारं गिऱ्हाईक नव्हतं. ते गिऱ्हाईक आपण!

१९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. बटण दाबलं की सुरू, गिअरची भानगड नाही. किकचा वैताग संपवला तो जपान्यांनी. डिसेंबर २००९ मध्ये बजाजनं स्कूटर बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा आपण हळहळलो. २०२० मध्ये चेतक विजेवर परत आली, आनंद आहे. पण नाव परत आलं म्हणून सवय परत येत नाही. ती आपल्याला कधी लागलीच नव्हती.

आपण चित्र उचललं, पण ते काढणाऱ्याची चिडचिड तिकडेच राहिली. म्हणून घरातल्या इंजिनिअर भाच्या-पुतण्यांना टक्के आणि पॅकेज विचारून झालं असेल, तर एकदा हेही विचारा: "घरातली कुठली वस्तू तुला छळते, आणि तू तिचं काय करणार आहेस?"

असो.