पुढचे पाठ, मागचे सपाट

आज दसरा. काल खंडेनवमीपासूनच जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या कडेला, ओशिवऱ्याच्या गॅरेजांच्या गल्ल्यांत आणि द्रुतगती महामार्गाच्या सेवारस्त्यावर गाड्या धुण्याची लगबग चालू आहे. बॉनेटला झेंडूचे तोरण, काचेवर हळदीकुंकवाची बोटे, स्टिअरिंगवर अक्षता, चाकांखाली लिंबे. नारळ फुटला की गाडी लिंबांवरून हातभर पुढे घ्यायची आणि मग पेढे वाटायचे. ज्या यंत्रावर घर चालते त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडावेत, ही रीत आम्हाला मनापासून आवडते. तिला नावे ठेवण्यासाठी हा अग्रलेख नाही. पण ही सगळी पूजा गाडीच्या तोंडाची असते. मागच्या बाजूच्या वाट्याला फार तर एखादा उरलेला हार येतो, तोही फाळक्याच्या साखळीला अडकवलेला. आम्हाला बोलायचे आहे ते या मागच्या बाजूबद्दल.

जोडरस्त्यावरच्या कुठल्याही सिग्नलला मोठ्या ट्रेलरच्या मागे मिनिटभर थांबावे आणि नीट पाहावे. नंबर पिवळ्या रंगात हाताने रंगवलेला, त्यातला एखादा आकडा चिखलाने गिळलेला. दोन दिव्यांपैकी एक फुटका, दुसऱ्यावर धुळीचा थर. लाल परावर्तक पट्टी असली तर मध्येच सोललेली. आणि या सगळ्याच्या खाली, चाकांच्या मागे, एक आडवा लोखंडी दांडा. म्हणजे असायला हवा. काही गाड्यांना तो असतो आणि सरळही असतो. काहींचा धनुष्यासारखा वाकलेला असतो, एक टोक चासीला अँगलचा तुकडा लावून डकवलेले. काहींचा इतका वर उचललेला असतो की त्याखालून लहान मोटार सहज जाईल. काहींना नुसत्याच दोन खुंट्या उरलेल्या दिसतात. दांडा कुठे गेला, हे चालकालाही सांगता येत नाही. गाडी त्याच्या हाती आली तेव्हापासून ती तशीच आहे.

या दांड्याला ट्रकवाले मागचा गार्ड म्हणतात. कुणाला तो चिखल अडवायला आहे असे वाटते, कुणाला वर चढताना पाय ठेवायला. त्याचे खरे काम एकच आहे. मागून येणारी मोटार ट्रकच्या पोटाखाली शिरू नये.

ही पोटाखाली शिरण्याची गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण आजच्या मोटारींची सारी सुरक्षितता तिच्यापुढे निकामी ठरते. मोटारीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असा बांधलेला असतो. धडक बसली की आघात तो स्वतःवर घेतो, तेवढ्यात एअरबॅग फुगतात, पट्टा छातीला धरून ठेवतो. पण हे सगळे घडायला बंपरला काहीतरी लागावे लागते. ट्रकच्या मागे खाली काहीच नसेल तर बंपर आणि बॉनेट रिकाम्या जागेत घुसतात आणि पहिला आघात होतो तो काचेवर. ट्रकच्या हौद्याची कड नेमकी आत बसलेल्यांच्या डोक्या-मानेच्या उंचीला येते. मोटारीचे छप्पर अशा आघातासाठी केलेलेच नसते. एअरबॅग उशिरा उघडतात किंवा उघडतही नाहीत. भारत एनकॅपचे पाच तारे मिळवलेली गाडीही याला अपवाद नाही, कारण ते तारे समोरून अडथळ्यावर आणि बाजूने आदळून दिलेले आहेत. ट्रकखाली शिरण्याची परीक्षा त्या अभ्यासक्रमातच नाही.

नियम नाही असे मात्र नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत, या मागच्या गार्डसाठीचे भारतीय मानक १४८१२ हे २००५ चे आहे. मोकळ्या गाडीतही गार्डची खालची कड जमिनीपासून ५५० मिलीमीटरहून वर नको. पट्टीची उंची निदान १०० मिलीमीटर हवी. रुंदीला गार्ड मागच्या आसाबाहेर जायला नको आणि दोन्ही बाजूंना १०० मिलीमीटरहून जास्त आखूडही नको. बाजूने कोणी चाकांत जाऊ नये म्हणून लावायच्या संरक्षक पट्ट्यांचे मानक वेगळे आहे. गाडीत परस्पर फेरफार करणाऱ्या मालकाला २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड ठेवला आहे. कागदावर म्हणाल तर आपण कुणाच्या मागे नाही.

१४ ऑगस्ट २०२२ ची पहाट महाराष्ट्राला आठवत असेल. शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे मराठा आरक्षणाच्या बैठकीसाठी मुंबईकडे येत होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर त्यांची गाडी पुढच्या अवजड वाहनाला मागून धडकली. डाव्या बाजूचा चक्काचूर झाला आणि मेटे गेले. पुढे कित्येक दिवस चर्चा चालली. चालकाची, मदत वेळेत न पोहोचल्याची, घातपाताच्या संशयाची, लेन न पाळणाऱ्या अवजड वाहनांची. यातला एकही प्रश्न गैरलागू नव्हता. पण ज्या वाहनावर गाडी आदळली त्याच्या मागे गार्ड होता का, असला तर किती उंचीवर आणि कोणत्या अवस्थेत, हा प्रश्न कोणी लावून धरल्याचे आम्हाला आठवत नाही. चांगला गार्ड असता तर मेटे वाचले असते, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. प्रश्न विचारलाच गेला नाही, एवढेच म्हणणे आहे.

पुढच्या वर्षी, २०२३ च्या घटस्थापनेच्या मध्यरात्री, समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ सैलानीबाबाच्या दर्शनाहून नाशिककडे परतणारी टेम्पो ट्रॅव्हलर एका ट्रकवर मागून आदळली. बारा माणसे गेली. तपासणीसाठी तो ट्रक महामार्गावरच थांबवल्याचा आरोप झाला, परिवहन खात्याच्या दोन अधिकाऱ्यांना अटकही झाली. इथेही ट्रक का थांबला याची चौकशी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. ट्रकची मागची बाजू पुन्हा चर्चेबाहेरच राहिली.

याचे कारण आपल्या एका पक्क्या समजुतीत आहे. मागून धडकला तो चुकला. पुढच्याने ब्रेक मारला तरी मागच्याने अंतर ठेवायला हवे होते. वाहतुकीचा नियम म्हणून हे बरोबरच आहे. पंचनामाही त्याच धर्तीवर लिहिला जातो: अमुक क्रमांकाची मोटार भरधाव येऊन पुढील ट्रकला पाठीमागून धडकली. चूक ठरली की प्रकरण मिटते. पण चुकीची शिक्षा काय असावी? डुलकी लागली, धुके होते, ट्रकचा दिवा बंद होता, म्हणून माणसाचे डोके जावे का? चूक कोणाची हा एक प्रश्न आणि ती चूक जिवावर का बेतली हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा त्या दांड्यापाशी असते, आणि पंचनाम्यात दांड्याला ओळ नाही. केंद्रीय मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली, महाराष्ट्रात १५,२२४. देशातल्या या मृत्यूंपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा मागून झालेल्या धडकांचा. त्यांतल्या किती गाड्या अवजड वाहनाखाली शिरल्या हे या आकड्यांवरून कळत नाही.

अमेरिकेला हा धडा एका नटीच्या मृत्यूने मिळाला. २९ जून १९६७ च्या रात्री लुईझियानात जेन मॅन्सफिल्डची मोटार ट्रेलरच्या मागे शिरली. पुढे बसलेले तिघे जागीच गेले, मागच्या आसनावरची तिची मुले वाचली. त्या दांड्याला तिथे आजही मॅन्सफिल्ड बार म्हणतात. पण नाव मिळाले म्हणून काम झाले असे नाही. १९५३ च्या जुन्या नियमात दांडा जमिनीपासून ३० इंचांपर्यंत चालत असे, म्हणजे मोटारीच्या बॉनेटच्या वर. तो २२ इंचांवर आणणारा नियम १९९६ मध्ये निघाला आणि १९९८ पासून लागू झाला. एका प्रसिद्ध मृत्यूनंतर तीस वर्षे! मालवाहतूकदारांची ताकद तिथेही काही कमी नाही. त्यानंतर विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या तिथल्या रस्ता सुरक्षा संस्थेने खऱ्या मोटारी ट्रेलरवर ताशी ५६ किलोमीटरने आदळून पाहिल्या. सरळ मध्यावर आदळली तर बहुतेक गार्ड टिकले. मोटारीची जेमतेम ३० टक्के रुंदी गार्डच्या टोकाला लागेल असे आदळल्यावर मात्र २०१३ मध्ये आठ मोठ्या कंपन्यांपैकी एकीचाच गार्ड टिकला. निकाल जाहीर झाले आणि पुढच्या काही वर्षांत इतरांनी टोके मजबूत केली. कोणाला तुरुंगात टाकावे लागले नाही.

टोकाची ही गोष्ट आपल्याला फार जवळची आहे. शेवटच्या क्षणी चालकाला ट्रक दिसतो, तो स्टिअरिंग फिरवतो आणि गाडी कोपऱ्यावर आदळते. एका बाजूचा चुराडा, दुसऱ्या बाजूचा माणूस चालत बाहेर. आपल्या वर्तमानपत्रांत असे फोटो आठवड्याला दिसतात. म्हणून नुसता दांडा आहे की नाही एवढे पाहून भागत नाही, त्याची टोके कशावर उभी आहेत हेही पाहावे लागते.

ट्रकच्या मागच्या बाजूकडे सरकारचे लक्षच नाही, असे कोणी म्हणू नये. २०१५ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी केली होती, कारण त्याने विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळते. हेतू चांगलाच होता. पण त्या अक्षरांच्या दोन फूट खाली काय लोंबते आहे, तेही त्याच तपासणीत पाहता आले असते.

आता ट्रकवाल्यांचीही बाजू आहे, ती टाळून पुढे जाणे बरे नाही. भरलेली गाडी खड्ड्यातून, गोदामाच्या चढावरून, बांधकामाच्या कच्च्या उतारावरून न्यावी लागते. खाली झुकलेला गार्ड तिथे घासतो, वाकतो, कधी गाडी अडकवून ठेवतो. डंपरने माल उलटला की ढीग गार्डवरच बसतो. मग गॅसकटरने दहा मिनिटांत तो कापला जातो किंवा वर चढवून वेल्ड केला जातो. पासिंगला गाडी लावायची वेळ आली की पुन्हा डकवतात, पट्ट्या चिकटवतात, आणि पासिंग झाले की पुन्हा जैसे थे. यात मालकाचे काहीच जात नाही. हेल्मेट घातले तर डोके आपले वाचते, ब्रेक नीट ठेवले तर गाडी आपली वाचते. गार्डने वाचणारा माणूस कोण, हे मालकाला, चालकाला, बॉडी बांधणाऱ्याला कोणालाच ठाऊक नसते. कधीतरी, कुठल्यातरी रात्री मागून येणारा तो एक अनोळखी माणूस. त्याच्या वतीने पासिंगच्या रांगेत कोणी उभे नसते, म्हणून त्याच्यासाठी सरकारनेच उभे राहायचे असते.

हा गार्ड दुचाकीस्वाराला फारसा वाचवत नाही, हेही सांगितले पाहिजे, आणि आमच्या जोडरस्त्यावर दुचाकींचीच संख्या मोठी. त्यांच्यासाठी बाजूच्या पट्ट्या, चालू दिवे आणि बंद पडलेला ट्रक लवकर हलवणे अधिक महत्त्वाचे. बंद गाडीच्या मागे चार दगड आणि झाडाची फांदी ठेवायची आपली पद्धत तर जगावेगळी आहे. ट्रक जातो, दगड तिथेच राहतात आणि पहाटेच्या दूधवाल्याला आडवे करतात. परावर्तक त्रिकोण बाळगणे सक्तीचे आहे. तो बहुधा सीटखाली, प्लास्टिकच्या पिशवीत, नवा कोरा असतो. गाडीच्या मागे बाहेर डोकावणाऱ्या सळयांच्या बाबतीत मात्र एक दिलासा आहे. पूर्वी माल गाडीच्या मागे मीटरभर बाहेर काढायला मुभा होती, ती २०१४ मध्ये रद्द झाली. नियम बदलता येतो याचा हा दाखला. तो पाळला जातो का, हे ओशिवऱ्याकडे सळया नेणारा कुठलाही टेम्पो पाहून ठरवावे.

महामार्गाला लागून जोगेश्वरीत महापालिकेचे ट्रॉमा रुग्णालय आहे. अपघातग्रस्त तिथे पोहोचला की पुढचे काम डॉक्टरांचे. तो तिथे येऊ नये यासाठीचे काम मात्र कोणत्या दारात व्हावे, याचे उत्तर नुसते आरटीओकडे बोट दाखवून मिळणार नाही. पासिंग एकदा होते, गार्ड मधल्या काळात कापला जातो. तो रोज दिसतो ते गाडी भरली आणि रिकामी केली जाते त्या फाटकांवर. जोडरस्त्यावर मेट्रो ६ चे काम चालू आहे. तुळया, सळया, सिमेंट, खडी आणणाऱ्या गाड्या सरकारी कंत्राटावरच येतात. एमएमआरडीए आणि महापालिकेने निविदेत एक अट घालावी: गार्ड मानकाप्रमाणे नसलेली गाडी आत घेतली जाणार नाही आणि तिच्या फेरीचे पैसे मिळणार नाहीत. डंपरसाठी बिजागरीवर उचलता येणारे गार्ड करता येतात, तेव्हा अडचणीचे निमित्त फार दिवस चालणार नाही. बंदरावरचे कंटेनर डेपो आणि भिवंडीची गोदामे यांनाही हीच अट लावता येईल. आणि पोलिसांच्या पंचनाम्यात एक रकाना वाढवावा: धडक बसलेल्या वाहनाचा मागील गार्ड, आहे किंवा नाही, जमिनीपासून उंची इतकी. पंचांना टेप धरता येतो. फाटकावर चलन तपासायला बसलेल्या माणसालाही तो धरता येईल.